शाप दिला, उःशापही सांगा : कोरियन-चिनी मालिकांवर वाचकांचे प्रश्न

(या वेळी काही मालिकांचे शेवट सांगितल्याशिवाय उत्तरं देता आली नाहीत. पहिल्या प्रश्नात रहस्य फुटत नाही, पुढे फुटतं.)

प्रश्न : घरात सगळे कोरियन मालिका बघतात. मला देव, भुतं, पुनर्जन्म असलेली प्रेमकथा बघायची आहे. चिनी मालिकांचे साठ-साठ भाग ऐकूनच धीर खचतो. सुरुवात कशापासून करू? (कोल्हापूर)

कोरियन मालिकेपासून करा. 'गॉब्लिन' (2016-17) किंवा 'हॉटेल देल लूना' (2019) घ्या. दोन्ही 16 भागांच्या आहेत, एकेक भाग सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे वीसेक तासांत गोष्ट संपते. आठवड्याला दोन भाग आणि आठ आठवड्यांत शेवट हा तिथला रिवाज आहे. शेवट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली गोष्ट किती घट्ट होते, हे आपल्याकडच्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या दैनंदिन मालिका पाहिलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात जाणवेल.

चिनी भाग पाऊण तासाचाच असतो, पण 'इटर्नल लव' (2017) 58 भागांची आहे, म्हणजे चाळीस तासांहून जास्त. 2020 मध्ये चिनी प्रसारण नियामकांनी मालिका 40 भागांच्या आत ठेवण्याची सूचना काढली. 'लव्ह बिट्वीन फेअरी अँड डेव्हिल' (2022) त्यानंतरची, 36 भागांची. चिनी मालिकांत शिरायचं तर हिच्यातून शिरा. भावनाच उपटून टाकलेला एक दैत्यराज आणि एक साधी परी अशा बंधनात अडकतात की तिला जे दुखतं ते त्यालाही दुखतं. तिला जपणं ही आधी त्याची गरज असते, प्रेम नंतर येतं, आणि म्हणूनच पटतं.

एक पथ्य पाळा. कोरियन मालिका दोन भागांत आवडली नाही तर सोडून द्या. चिनी मालिकेला मात्र सहा भाग द्या, कारण पहिले तीन-चार भाग जग मांडण्यातच जातात.

प्रश्न : 'इटर्नल लव' दोनदा सुरू केली, दोनदा सोडली. कोण देव, कोण अमर, कोण मर्त्य काही कळत नाही. सगळे मरतात आणि परत येतात. (पुणे)

या प्रकाराला चिनीत 'शियानशिया' म्हणतात. तलवारबाजांच्या 'वूशिया' कथांत माणसं माणसंच राहतात, इथे साधनेने अमर होता येतं. तीन गोष्टी धरून ठेवल्या की वाट सापडते. पहिली, पद जन्माने मिळत नाही. साधना हजारो वर्षांची आणि प्रत्येक पायरीवर एक 'संकट': कधी आकाशातून विजेचे प्रहार, कधी शक्ती आणि आठवण गमावून माणसाच्या जन्मात जाणं. दुसरी, स्वर्गातला एक दिवस म्हणजे पृथ्वीवरचं एक वर्ष. ब्रह्मदेवाचा दिवस ऐकत मोठे झालेल्यांना हा हिशोब जड जाऊ नये. तिसरी, नायिकेची नावं बदलतात, माणूस बदलत नाही. पुरुषवेशात शिकायला गेलेली सी यीन, आठवण गमावलेली मर्त्य सू सू आणि छिंगछ्यूची राणी बाय छिएन ही एकच व्यक्ती आहे. वहीत ही तीन नावं आणि त्यांचे गुरू-प्रियकर लिहून ठेवा. पहिले दहा भाग एवढ्यावर निभतात.

मरून परत येण्याबद्दलचा आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो. परत येण्यात गैर काहीच नाही. परत येण्याची किंमत कोण मोजतं, ते पाहावं. गुरू मो युआनचा देह टिकवण्यासाठी बाय छिएन सत्तर हजार वर्षं आपल्या हृदयाचं रक्त देते, म्हणून त्याचं जागं होणं खरं वाटतं. सू सूचे डोळे काढून दुसरीला दिले जातात आणि पुढे आठवण परतल्यावर ती ते स्वतः परत घेते, हा या मालिकेतला सर्वांत जोरकस प्रसंग, कारण जुना हिशोब तिथे चुकता होतो. नायक ये हुआ शेवटी मरतो आणि तीन वर्षांनी परततो, तेव्हा तसा भार जाणवत नाही. मालिका कारण देते, पण त्यासाठी आपल्यासमोर कुणी काही गमावलेलं नसतं.

प्रश्न : 'गॉब्लिन'चं एवढं कौतुक का? नायक 939 वर्षांचा आणि नायिका शाळकरी, हे खटकत नाही का? (नागपूर)

खटकतं, आणि खटकायलाच हवं. नायिका 19 वर्षांची सांगितली आहे, तीही तेव्हाच्या कोरियन मोजणीने, ज्यात जन्मतःच एक वर्ष धरत. आपल्या हिशोबाने ती 17-18 ची होते. नायक अर्धा काळ पालकासारखा वागतो आणि अर्धा काळ प्रियकरासारखा. लेखिका किम उन-सूक यांनी ही अडचण सोडवलेली नाही. पुढे नऊ वर्षं उडी मारून तिला 29 ची केली आहे, आणि तिथून दोघांचं नातं मोकळं, बरोबरीचं वाटू लागतं. ती उडी आधीच यायला हवी होती.

तरी मालिका मोठी आहे, आणि ती रचनेमुळे. शाप आणि उःशाप दोन्ही पहिल्याच भागात सांगितले आहेत: छातीत तलवार, मरण नाही, आणि ती तलवार फक्त 'वधू' उपसू शकेल. म्हणजे मुक्ती देणारीच त्याला मारणार. मग तेरा भाग लेखिका या एका वाक्यावर चालते. तो तिला आधी शोधतो, मग तिच्यापासून पळतो, आणि शेवटी तिचाच हात धरून तलवार उपसतो, कारण समोरचा दुष्टात्मा संपवायला तेच एक शस्त्र आहे. शेवटी नायिका बालवाडीच्या मुलांना वाचवण्यासाठी आपली गाडी ट्रकच्या वाटेत घालते. हे मरण यमदूतांच्या यादीत नव्हतं, कारण स्वतःहून केलेला त्याग देवांच्याही हिशोबात बसत नाही, असं मालिका म्हणते. अनेकांना हा शेवट उगाच रडवणारा वाटतो. मला तो नियमातून आलेला वाटतो: ती जन्मापासूनच यादीतून सुटलेली मुलगी होती.

प्रश्न : 'स्कार्लेट हार्ट' चिनी पाहावी की कोरियन? (डोंबिवली)

चिनी, निःसंशय. 2011 ची, 35 भागांची. आजची तरुणी थेट छिंग राजवटीत, कांगशी बादशहाच्या दरबारात पोचते. नऊ राजपुत्रांतला गादीचा झगडा कोण जिंकणार, हे तिला इतिहासातून ठाऊक आहे. ती प्रेमापोटी आठव्या राजपुत्राला सावध करते, चौथ्यापासून जपून राहायला सांगते. तो चौथ्यावर डाव टाकतो, दोष तेरावा राजपुत्र आपल्या अंगावर घेतो आणि वर्षानुवर्षं कैदेत सडतो. ज्याच्या मैत्रीवर ती जगली, त्याचं आयुष्य तिच्याच इशाऱ्याने उद्ध्वस्त होतं. भविष्य ठाऊक असणं हाच इथे शाप आहे, आणि त्याला उःशाप नाही. म्हणून तिचं शेवटचं खंगत जाणं कुठेच ओढूनताणून वाटत नाही.

कोरियन 'मून लव्हर्स' (2016) हीच कथा गोर्यो राजवटीत नेते आणि 20 भागांत बसवते. चौथ्या राजपुत्राच्या भूमिकेतला ली जून-गी तिथे जबरदस्त आहे. पण या नायिकेला इतिहासाचं इतकं नेमकं ज्ञान नाही. त्यामुळे अपराधाचा तो धागा सैल पडतो आणि शेवट तुटल्यासारखा वाटतो. दोन्ही पाहायच्या असतील तर कोरियन आधी पाहा, म्हणजे निराशा होणार नाही.

प्रश्न : चिनी मालिकांत ओठ आणि आवाज जुळत नाहीत. माझ्या टीव्हीतच दोष आहे का? (बंगळुरू)

टीव्ही ठीक आहे. पुष्कळ चिनी पोशाखी मालिकांत कलाकारांचे संवाद नंतर व्यावसायिक आवाज-कलाकारांकडून भरून घेतात. झेजियांग प्रांतातल्या हंगडियनमध्ये राजवाड्यांच्या भव्य प्रतिकृती आहेत आणि तिथे एकाच वेळी अनेक मालिकांचं चित्रीकरण चालतं, त्यामुळे शुद्ध आवाज मिळणं कठीण. कलाकारांचे प्रांतोप्रांतीचे उच्चार वेगळे, आणि चित्रीकरणानंतर संवाद बदलावे लागले तर तेही डबिंगमध्येच उरकतं. अलीकडे कलाकारांचा स्वतःचा आवाज ठेवलेल्या मालिका वाढत आहेत. हिंदी डब लावला की डबवर डब चढतो. सबटायटल लावून मूळ आवाजच ऐका.

प्रश्न : 'अल्केमी ऑफ सोल्स'च्या दुसऱ्या पर्वात नायिकाच बदलली. कलाकार सोडून गेली म्हणून कथा वळवली का? (सातारा)

पडद्यामागचं सोडा, कथेतलं कारण असं: नायिका नाकसूचा आत्मा मू-डोक नावाच्या मुलीच्या देहात राहिला आणि तीन वर्षांत त्या देहाने आत्म्याचा चेहरा घेतला. अडचण अशी की पहिल्या पर्वाच्या 20 भागांत आत्मा बदलण्याचे नियम तपशिलात सांगितले, देह दगड होणं, ताबा सुटून बेभान होणं, सगळं. चेहरा पालटण्याचा नियम मात्र गरज पडल्यावर आला. म्हणून तुम्हाला ठिगळ वाटलं. दुसरं पर्व 10 भागांचंच आहे आणि नायकाच्या दुःखासाठी ते पाहण्यासारखं आहे.

प्रश्न : ऐन दुःखाच्या प्रसंगात सँडविचचं दुकान का दाखवतात? (पणजी)

ती जाहिरातच आहे. कोरियन निर्माते खर्चाचा काही भाग अशा पैशातून उभा करतात, त्यामुळे आजच्या काळातल्या गोष्टीत सँडविच, कॉफी, फोन हमखास येतात. जुन्या काळच्या चिनी मालिकेत फोन दाखवता येत नाही, म्हणून मध्येच त्याच पोशाखातली पात्रं एखाद्या ॲपची छोटी नाटुकली करतात. ती पुढे ढकलली तरी कथेचं काही सुटत नाही.