व्यापारी रोख पैसे घेऊन दारात उभा असला, तरी आधी हे वाचा

तुमचा प्रश्न मला असा समजला: वारशाने आलेलं एक टेबलावरचं जुनं घड्याळ, ब्राँझची एक लहान मूर्ती आणि चांदीची काही भांडी आहेत. एक व्यापारी घरी येऊन सगळ्याचे मिळून रोख पैसे द्यायला तयार आहे आणि आजच निर्णय हवा म्हणतोय. त्याला द्यावं, लिलावात ठेवावं की ऑनलाइन विकावं?

आज कुणालाच देऊ नका. तो माणूस लबाड असेलच असं नाही, मी सचोटीने वागणारे कितीतरी व्यापारी पाहिलेत. पण त्याला वस्तू कळते आणि तुम्हाला ती अजून कळलेली नाही. हे अंतर कमी होईपर्यंत कुठलाही मार्ग तुमच्यासाठी सुरक्षित नाही, लिलावसुद्धा नाही. २००९ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात एक जुना इराणी गालिचा लिलावाला आला. अंदाजित किंमत लावली होती ९०० युरो, तो गेला १९,७०० युरोंना. पुढच्याच वर्षी लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात त्याच गालिच्याला ६२ लाख पाउंडांच्या वर किंमत आली. मूळ मालकीण कोर्टात गेली, पण निकाल तिच्या बाजूने लागला नाही. लिलाव खुला होता, बोली लागली होती, तरीही हे झालं. कारण सुरुवातीला ती वस्तू नेमकी काय आहे हेच ओळखलं गेलं नव्हतं.

म्हणून पहिलं पाऊल मूल्यांकनाचं. मूल्यांकन करणारा आणि विकत घेणारा हे एकच नसावेत, यावर मी अजिबात तडजोड करत नाही. फी ठरावीक असावी, किमतीच्या टक्क्यांवर नको, आणि ‘ही वस्तू तुम्ही स्वतः किंवा तुमच्या ओळखीचं कुणी घेणार नाही ना?’ हे लेखी विचारून घ्या. सगळ्या वस्तू एकाच माणसाला कळतील असंही नाही. घड्याळांचा जाणकार मूर्तीबद्दल ठामपणे बोलू लागला, तर दुसरं मत घ्या. आकडा मिळाल्यावर तो कशाचा आहे हेही विचारा. विम्यासाठी काढलेली किंमत म्हणजे तशीच वस्तू दुकानातून नव्याने घ्यायला लागणारी रक्कम. लिलावात त्याहून बरंच कमी मिळतं आणि व्यापारी आणखी कमी देतो, कारण त्याला ती पुन्हा विकायची असते. लोक विम्याचा आकडा मनात धरून बसतात आणि मग प्रत्येक बोली त्यांना फसवणूक वाटते.

तोवर वस्तूंना हात लावू नका. मूर्तीवरचा हिरवट-तपकिरी थर घासून काढू नका, चांदी रसायनात बुडवू नका, घड्याळाच्या लाकडाला नवं पॉलिश देऊ नका. हा थर तयार व्हायला कित्येक दशकं लागतात आणि जाणकार वय ओळखताना आधी तोच बघतो. एका दुपारच्या साफसफाईने किमतीचा मोठा हिस्सा गेलेला मी पाहिलाय, आणि तो परत येत नाही. चांदीवरचे ठसेही पॉलिशने झिजतात. घडवणारा, गाव आणि साल त्या बारीक ठशांवरूनच ओळखायचं असतं.

मग प्रत्येक वस्तूची नोंद करा. चोरीच्या वस्तू शोधणं सोपं जावं म्हणून १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आली, तीच घरीही वापरता येते: सर्व बाजूंनी फोटो, मापं, साहित्य, ठसे आणि अक्षरं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खोच, तडा, जुनी दुरुस्ती अशा त्याच वस्तूच्या खुणा. सोबत मालकीचा माग जोडा. जुनी बिलं, पत्रं, विम्याच्या याद्या, वस्तू मागे दिसतेय असा जुना घरगुती फोटो, काहीही चालेल. मूर्तीसाठी हे फार गरजेचं आहे. युनेस्कोचा सांस्कृतिक वारशाच्या अवैध व्यापाराविरुद्धचा करार १९७० सालचा आहे, आणि चांगली लिलावगृहं वस्तू त्याआधी कुठे होती याचे पुरावे मागतात. इंटरपोलचं ‘आयडी-आर्ट’ ॲप आहे, त्यात चोरीच्या कलावस्तूंची यादी कुणालाही तपासता येते. घड्याळावर हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचं काम असेल, तर विक्रीवर आणि देशाबाहेर नेण्यावर कडक बंधनं असतात, तेव्हा आपल्या देशाचा कायदा आधी बघा. आणि वारस एकाहून जास्त असतील, तर सगळ्यांची लेखी संमती आत्ताच घ्या. पैसे आल्यावर ती मागणं फार अवघड जातं.

एवढं हाताशी आलं की मार्ग निवडणं सोपं होतं. ज्या वस्तूची किंमत सर्वांना ठाऊक आहे, ती कुठेही विका. जिची किंमत दोन जाणत्या गिऱ्हाइकांच्या चढाओढीतून ठरणार आहे, ती लिलावात न्या, तेही त्या प्रकारच्या वस्तूंचे लिलाव नियमित करणाऱ्या ठिकाणी. करार मात्र ओळ न् ओळ वाचा: तुमच्याकडून घेतलं जाणारं कमिशन, फोटो आणि विम्याचा खर्च, न विकल्यास लागणारं शुल्क, पैसे किती दिवसांत मिळणार आणि राखीव किंमत. राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली वस्तू विकली जाणार नाही तो आकडा. ती फार वर ठेवण्याचा मोह होतो, पण लिलावात न खपलेल्या वस्तूची नोंद राहते आणि पुढची काही वर्षं ती विकणं जड जातं.

शेवटची बोली पक्की झाल्याचा हातोडा पडला म्हणजे पैसे आले, असंही समजू नका. २०१० मध्ये लंडनजवळच्या एका लिलावात चियेनलुंग नावाच्या चिनी सम्राटाच्या काळातल्या फुलदाणीला ४ कोटी ३० लाख पाउंडांची बोली लागली. खरेदीदाराने पैसे भरलेच नाहीत. पुढे ती खासगी व्यवहारात विकली गेली. खरेदीदाराने पैसे बुडवले तर काय, हे कलम करारात असलंच पाहिजे.

ऑनलाइन थेट विक्री मी मौल्यवान वस्तूंसाठी सुचवत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून ‘उरलेले परत करा’ म्हणणारा, स्वतःच सुचवलेल्या ‘मध्यस्थ’ साइटवर पैसे ठेवतो म्हणणारा, पैसे भरल्याचा नुसता स्क्रीनशॉट दाखवणारा, या तिघांशी बोलणं तिथेच थांबवा. रक्कम खात्यात पक्की जमा झाली आणि ती उलट फिरणार नाही हे बँकेने सांगितलं, की मगच वस्तू द्या. अनोळखी माणसाला घरी बोलावून बाकीचा संग्रह दाखवू नका. कुरिअरने पाठवायची असेल तर त्यांच्या अटी वाचा, कारण पुरातन वस्तूंना अनेक कंपन्यांचा विमा लागू होत नाही.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर घड्याळ घड्याळांच्या लिलावाला न्या. मूर्ती कागदपत्रं जमेपर्यंत घरीच ठेवा. भांड्यांवरचे ठसे आधी वाचून घ्या. साधी निघाली तर धातूच्या वजनाचा भाव ही किमान किंमत धरा आणि मग हवी तर याच व्यापाऱ्याला द्या. त्याला सांगा, प्रत्येक वस्तूची किंमत वेगवेगळी लिहून, सही करून दे. एकगठ्ठा किमतीत सर्वांत चांगली वस्तू फुकट जाते. त्याने नकार दिला तर जाऊ द्या.

आणि घड्याळ नेताना आधी लंबक काढून मऊ कापडात वेगळा गुंडाळा, किल्ली सोबत ठेवा. लंबक तसाच ठेवून हलवलं, तर त्याला धरून ठेवणारी बारीक पट्टी वाटेत मोडते.