बडोद्यातल्या आमच्या घराण्याच्या इतिहासाला सोशल मीडियावरून वाचक कसे मिळवावेत?

फेसबुकवर अख्खं प्रकरण टाकू नका. एक जुना फोटो आणि त्याखाली एकच प्रश्न टाका. ‘दांडिया बाजारातलं हे घर कुणाला आठवतंय का?’ असं विचारलं की आत्या-काका, जुने शेजारी हमखास बोलते होतात, आणि बोललेला माणूस पुढचा भागही वाचतो. आमच्या कुलवृत्तांताच्या वेळी हेच कामी आलं. वंशावळीच्या तक्त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळातला (१८७५–१९३९) एखादा नेमणुकीचा हुकूम किंवा मोडीतलं पत्र असेल तर घराण्याबाहेरचेही थांबतात. ते व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी फोटोची फाईल लहान होते आणि मोडी अक्षर आणखीच लागत नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते मात्र त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.