बारीक माणसाला डायबिटीस होतो का? होतो. आणि बायकोने गोड खाऊ घातलं म्हणून होत नाही.

प्रश्न असा होता: "वय ३६, उंची ५ फूट ७ इंच, वजन ५८ किलो, तरी एचबीए१सी ७.४ आलं. बारीक माणसाला डायबिटीस होतो का, की रिपोर्ट चुकला? आई म्हणते लग्नानंतर गोडधोड वाढलं म्हणून झालं. ती वजन कमी करायची नवीन इंजेक्शनं घेतली तर शुगर जाईल का?"

होतो. रिपोर्टची शंका असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साधी शुगर परत करून घ्या, सोबत हिमोग्लोबिनही बघा. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, आणि अंगात लोह कमी असलं की ते थोडं फुगून येतं. पण ७.४ चं सगळं खापर त्यावर फुटेल अशी आशा धरू नका. इंजेक्शनांचं पुढे सांगते. आधी तुमच्या आईंचं वाक्य. ते मी वर्षानुवर्षं ऐकलंय, फक्त माझ्या बाबतीत ते नणंदेच्या तोंडून यायचं.

आमचे हे रबाळ्याच्या एका कंपनीत आहेत. चाळिशी ओलांडल्यावर कंपनीच्या वार्षिक तपासणीत शुगर निघाली. अंगाने काटकुळे, लग्नातला सफारी अजून होतो. त्या वर्षी गौरीजेवणाला नेरूळला वन्संकडे गेलो होतो. ह्यांच्या पानातली पुरणपोळी मी मुकाट्याने अर्धी करून माझ्या पानात घेतली, तर भरल्या पंगतीत वन्सं म्हणाल्या, "आता काढून काय उपयोग? आमच्या माहेरी कुणाला शुगर नव्हती बाई. लग्नानंतरच लागली." सगळे हसले. हेसुद्धा हसले, ते मला जास्त लागलं. आणि बोलणाऱ्या वन्सं अंगाने चांगल्या भरलेल्या, पोळीवर तुपाची धार, तरी शुगर अगदी नॉर्मल. मग लोकांना त्यांचंच खरं वाटणार.

मी नौपाड्यात घरीच ब्लाउज शिवते, गळ्यात टेप असतेच. घरी आल्यावर ह्यांना उभं केलं आणि माप घेतलं. पुरुषांच्या पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, हे कुठल्याही शिंप्याला विचारा. ह्यांची पँट बत्तीसची, पण पट्टा बांधतात तो पोटाच्या खाली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध टेप धरली, श्वास सोडायला लावला, तर ९३ सेंटिमीटर! आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही हद्द धरतात. हात-पाय काड्या आणि मधे हे. तुम्हीही आज माप घ्या, आणि पोट आत ओढून घेऊ नका, सगळे पुरुष ओढतात.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी ह्यावरच आयुष्य घातलंय. २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरांच्या मासिकात त्यांचा आणि जॉन युडकिन ह्या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून जाड. स्नायू कमी, आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूंमध्येच जिरते. शिवाय कातडीखाली चरबी ठेवायला आपल्याकडे जागा कमी. वन रूम किचनमध्ये माळा भरला की सामान पॅसेजमध्ये येतं, तशी ती चरबी यकृतात आणि इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाभोवती जाऊन बसते. वन्संकडे माळा मोठा आहे, एवढंच.

आता हे असं का, तर त्याचं मूळ पोटात असतानाचं आहे. ह्यांचा जन्म १९७३ च्या सुरुवातीचा, माण तालुक्यातला. म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. सासूबाई होत्या तेव्हा एकदा ओट्यापाशी शेंगा सोलता सोलता बोलल्या, "ह्यो पोटात व्हता तवा म्या खडी फोडाया जात हुते. मिलोची लाल भाकरी, ती बी गिळवत न्हवती. सुकडी मिळाली तर थोरलीला द्याची. जल्मला तवा एका हातात मावायचा." वजन विचारलं तर हसल्या. वजन कोण करतंय? थोरली म्हणजे आमच्या वन्सं. त्या दुष्काळाच्या आधीच्या, अंगाने बाळसेदार.

हे ऐकलं होतं कधीचंच, पण जोडलं गेलं याज्ञिकांबद्दल वाचल्यावर. त्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. पोटात असताना उपासमार झाली की शरीर मेंदू वाचवतं, चरबी साठवतं आणि स्नायू, स्वादुपिंड ह्यांना हात आखडता घेतं. पुढे शहरात येऊन खुर्चीवर बसलं आणि दोन वेळ पोटभर मिळालं की तेच अंगाशी येतं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्यातही मोठेपणी साखर पचवायची ताकद कमी निघाली. तिथे काय पुरणपोळ्या होत्या?

हे सगळं मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता आमच्या आईचा दोष का?" बघा, दोष कुणातरी बाईचाच पाहिजे. बायकोचा नाही तर आईचा. खडी फोडायला त्या हौसेने गेल्या होत्या का? ह्या देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत, असं आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत आलं. एवढ्या सगळ्यांच्या बायका काय साखरेचे डबे घेऊन मागे लागल्या होत्या?

इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइड. आतड्यातल्या हार्मोनची नक्कल करतात, भूक मारतात, इन्सुलिन वाढवतात. औषध भारीच आहे, त्यात वाद नाही. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत साधारण १५ टक्के वजन उतरलं, २०२२ मध्ये तिर्झेपाटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसने २१ टक्क्यांच्या आसपास. पण त्या चाचण्या जाड माणसांवरच्या. वजन उतरतं त्यात स्नायूही जातात. ५८ किलोत तुमच्याकडे घालवायला स्नायू आहेत कुठे? आणि सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. ऑफिसातल्या कुणीतरी घेतलं म्हणून तुम्ही घेऊ नका.

त्यापेक्षा डॉक्टरांना दोन तपासण्यांबद्दल विचारा, सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी. पहिल्यात कळतं तुमचं स्वतःचं इन्सुलिन किती तयार होतंय, दुसऱ्यात कळतं शरीरच स्वादुपिंडावर उठलंय का, म्हणजे टाइप १ आहे का. तुमच्या वयात आणि तुमच्या अंगकाठीत "टाइप २ आहे (म्हणजे नेहमीचा, इन्सुलिन असूनही पुरं न पडणारा), ही घ्या गोळी" एवढ्यावर उठून येऊ नका. हळूहळू येणारा टाइप १ असाच दिसतो, आणि त्याला इन्सुलिन लागतं. वजन झपाट्याने उतरत असेल, सारखी तहान आणि लघवी असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच जा. आणखी एक प्रकार आहे, लहानपणच्या कुपोषणातून येणारा. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने त्यावर बरंच काम केलंय, आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला जागतिक मधुमेह अधिवेशनात त्याला टाइप ५ म्हणून मान्यता मिळाली. पण ते रुग्ण अगदी हडकुळे असतात. तुमचा बीएमआय २० च्या आसपास येतो, तुम्ही त्यात बसाल असं मला वाटत नाही. अर्थात मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही.

साधा टाइप २ च निघाला तर उपाशी राहू नका, अंग कमवा. आमच्या ह्यांना उपवन तलावाला फेऱ्या मारायला आवडतं, कारण तिथे मित्र भेटतात आणि शेवटी चहा असतो. फेऱ्या चांगल्याच, पण त्यांनी मांड्या भरत नाहीत. हे जिमला जायला लाजायचे, पोरंटोरं असतात म्हणून. मग मी घरातच खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, भिंतीला जोर आणि पाण्याने भरलेले पाच लिटरचे कॅन असं लावून दिलं. जेवणात आधी उसळ नाहीतर अंडी, मग पोळी, भात शेवटी आणि थोडा. शुगर गेली नाही, गोळी चालू आहे, पण आकडे ताब्यात आहेत आणि दंडाला शर्ट घट्ट होतो. पोट सुटलेलं असेल तर थोडं वजन उतरवूनही फरक पडतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. रॉय टेलर ह्यांनी जाड नसलेल्या २० डायबिटिक लोकांचं थोडं वजन उतरवलं, त्यात १४ जणांची शुगर औषधाशिवाय आटोक्यात आली. पण ते लोक तुमच्यापेक्षा बरेच भरलेले होते, म्हणून ते मनाने करू नका.

वन्संच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणतील लपवलं. एका भावाबहिणीवरून काही सिद्ध होत नाही, ह्यांना दुष्काळामुळेच झालं असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. आणि साखर निर्दोष आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग १९५३ पर्यंत होतं. त्या काळात पोटात आणि तान्हेपणी ज्यांच्या वाट्याला साखर कमी आली, त्यांच्यात डायबिटीसचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी कमी निघाला, हा अभ्यास २०२४ चा. पण त्यातही मोजली ती बाळाच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतली साखर, लग्नानंतरची नव्हे.

तुमच्या आईंना हे सांगा, पण बायकोला पुढे करू नका, तुम्ही स्वतः सांगा. आमच्या ह्यांनी वन्संना अजून एका शब्दाने सांगितलेलं नाही.