इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि अल्फा कण यांच्या ई/एमचा (प्रभार भागिले वस्तुमान या गुणोत्तराचा) चढता क्रम पाठ कसा करावा?

तो पाठ करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूट्रॉनला प्रभारच नसल्याने त्याचे गुणोत्तर शून्य येते. अल्फा कणाचा प्रभार प्रोटॉनच्या दुप्पट असला तरी वस्तुमान जवळपास चौपट असते, म्हणून तो प्रोटॉनच्या खाली. आणि इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या १८३६ व्या भागाइतकेच असल्याने तो सर्वांत वर. आकडेच हवे असतील, तर अल्फा कणासाठी ४ कोटी ८२ लाख, प्रोटॉनसाठी ९ कोटी ५८ लाख आणि इलेक्ट्रॉनसाठी सुमारे १७,५८८ कोटी कूलोम प्रतिकिलोग्रॅम.

‘पाठ’ या शब्दामुळेच मी लिहायला बसलो. मी महाविद्यालयात शिकवत असताना बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका विद्यार्थिनीला इलेक्ट्रॉनचे ई/एम काढण्याचा थॉमसन पद्धतीचा प्रयोग आला. तिने इलेक्ट्रॉनांची शलाका (झोत) सोडणारी नळी उत्तर-दक्षिण लावली, विभवांतर देऊन पडद्यावरचा हिरवा ठिपका सरकवला, दोन्ही बाजूंना पट्टीचुंबक ठेवून तो मूळ जागी आणला आणि मग नळी काढून होकायंत्राने तिथले चुंबकीय क्षेत्र मोजले. उत्तर प्रमाण मूल्याच्या जेमतेम तीन चतुर्थांश आले आणि तिने ते तसेच लिहिले. बहिःस्थ परीक्षकांनी तिचे गुण कापले. शेजारच्या टेबलावर मात्र नेमके १.७६ × १०^११, म्हणजे प्रमाण मूल्यच, ‘आले’ होते, त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पट्टीचुंबकाचे क्षेत्र शलाकेच्या संपूर्ण मार्गावर एकसमान नसते, होकायंत्र ते एकाच जागी मोजते, तेव्हा एवढा फरक पडणारच, हे मी त्यांना परोपरीने सांगितले, पण त्यांनी ऐकले नाही.

त्यांना मी आजही हेच सांगेन की, खुद्द इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये केंब्रिजला विचलनाच्या पद्धतीने काढलेली मूल्ये आजच्या मूल्याच्या निम्म्याच्या आसपासच होती. नळीतला वायू बदलला, विद्युतअग्रांचा धातू बदलला, तरी गुणोत्तर जवळपास तेच राहते आणि ते हायड्रोजन आयनाच्या कितीतरी पट मोठे आहे, ही तुलना त्यांनी पकडली आणि त्यातूनच अणूपेक्षा लहान कण हाती लागला. त्यामुळे प्रयोगवहीत आलेले उत्तरच लिहा आणि ते का चुकले याची कारणे त्याखाली मांडा.

एक राहिले: वरचा क्रम चिन्ह सोडून केवळ परिमाणाचा आहे. प्रश्नात चिन्हासह मूल्य विचारले असेल, तर ऋण प्रभारामुळे इलेक्ट्रॉन न्यूट्रॉनच्याही खाली जातो.