घरचा फणस चिरून शेड बांधायची आहे. लाकूड वर्षभर वाळवावं लागेल का?

चेनसॉने घरीच चिरून १० बाय १२ फुटांची शेड, असं तुम्ही लिहिलंय. फळ्या वाळवायलाच हव्यात, सांगाडा नाही. 'ओल्या लाकडाचा सांगाडा टिकत नाही' असं सांगणारा एक जाणकार प्रत्येक वाडीत असतो. त्याचं ऐकू नका.

आमच्या मांगराचे (शेतातल्या गोठ्या-कोठाराचे) खांब आणि तुळया ५ बाय ५ इंची, ओल्याच सांधलेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात एका कोपऱ्यातली तुळई अर्धा इंच सरकली. चुलत्यांनी लगेच निकाल दिला: लाकूड ओलं होतं. प्रत्यक्षात सांध्यातली खुंटी दोन बोटांनी गरागरा फिरत होती. खांब ओला असणं ठीकच होतं, ओली नको होती ती खुंटी. लाकूड लांबीत जवळपास आटत नाही, आडवं आटतं. सुकी खुंटी असेल तर आटणारा सांधा तिच्यावर आवळत जातो, ओली खुंटी स्वतःच बारीक होते.

म्हणून खुंट्या आजच करा. ऐन किंवा खैर, पाऊण इंची, करवतीने न कापता कोयत्याने रेषेत फोडलेल्या, आणि महिनाभर चुलीवरच्या माळ्यावर. कुसू, म्हणजे तुळईच्या टोकाची खांबाच्या खाचेत बसणारी जीभ, दीड इंच जाड, तीन इंच लांब. कुसवातलं भोक खांद्याकडे, म्हणजे कुसवाच्या बुडाकडे, एक सूत (इंचाचा आठवा भाग) सरकवून पाडा, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप ओढला जातो. हौसेने दोन सूत सरकवलंत तर खुंटी तरी मोडते, नाहीतर कुसवाचं टोक फाटतं.

एका ओंडक्यातून एकच खांब काढा, गाभ्याचा मध्यबिंदू बरोबर मधोमध. तो कडेला गेला की खांब धनुष्यासारखा वाकतो. मधे ठेवल्यावर उभ्या चिरा पडतील, त्या पडू द्या. फणसाचं आतलं पिवळं लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही. सालीलगतचं पांढरट मात्र तासून टाका, कीड लागून त्याचं पीठ होतं. खांब जमिनीत पुरू नका, जांभ्याच्या चिऱ्यावर वीतभर उंच बसवा.

चेनसॉच्या चेनला उभ्या, म्हणजे ओंडक्याच्या लांबीतल्या, कापासाठी १० अंशांची धार हवी. तरी दर कापाला जवळपास तीन सूत लाकूड भुशात जातं, म्हणजे इंची फळ्या काढल्यात तर तीन फळ्यांमागे एक गेली. फळ्या सॉ मिलमध्येच काढा. पावसाळ्यानंतर चिरून, टोकांना त्याच दिवशी ऑइल पेंट लावून, थरांमध्ये दर दीड फुटावर इंची पट्ट्या घालून सावलीत रचा. वरखालच्या पट्ट्या एका रेषेत नसल्या तर फळीला लाट येते. पुढच्या पावसाआधी वापरता येतील.

हे सगळं फणसाचं. आंब्याच्या लाकडाचा सांगाडा करू नका, ओला नाही आणि सुकाही नाही.

आणि हो, झाड अजून उभं असेल तर थांबा. फणस १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. परड्यातला असला तरी तोडीची परवानगी आधी, आणि ओंडका मिलवर न्यायचा तर वाहतूक परवान्याचीही चौकशी वनखात्यात करून ठेवा.