होस्टवर कॉपी सुसाट, व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र रखडते. नवीन लॅनकार्ड घेऊ का?

घेऊ नका, निदान आज तरी. तुम्ही लिहिलंय की प्रॉक्समॉक्सच्या (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, फाइल सेकंदाला ११० एमबीने कॉपी होते आणि त्यावरच्या विंडोज सर्व्हरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम) तीच १५-२० वर येते. अहो, ११० म्हणजे एक गिगाबिटची लाइन जवळजवळ काठोकाठ भरली (१००० ला ८ ने भागा, १२५ येतात, त्यातून पॅकेटचा वरखर्च वजा). कार्ड, केबल, स्विच यांनी आपलं काम चोख केलंय. घोळ त्यांच्या पुढे आहे.

पण तो नेटवर्कचाच आहे का, हे आधी ठरवा. फाइल कॉपी करताना डिस्कही मध्ये येते. आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजणारं टूल डिस्कला हात न लावता नुसता डेटा ढकलतं, म्हणून पीसी आणि व्हीएममध्ये ते दोन्ही दिशांनी चालवा. आकडा सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास आला आणि कॉपी तरीही रखडली, तर नेटवर्कचा पिच्छा सोडा. व्हीएमची डिस्क आयडीई (जुन्या पद्धतीची, हळू जोडणी) म्हणून जोडलीय का, अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगतोय का, ते बघा. माझ्याकडे ‘नेट स्लो आहे’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी शेवटी डिस्कच्याच निघाल्या.

आकडा इथेही कमी आला तर होस्ट ते व्हीएम अशी चाचणी घ्या. हा डेटा वायरवर जातच नाही, होस्टच्या आतल्या ब्रिजवरच (सॉफ्टवेअरमधला स्विच) फिरतो. तिथेही रडगाणं असेल तर व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये नेटवर्क कार्डचं मॉडेल बघा. बहुतेक ई१००० दिसेल. ही इंटेलच्या जुन्या कार्डाची सॉफ्टवेअरमधली नक्कल. व्हीएमला वाटतं आपण खऱ्या कार्डाशी बोलतोय, आणि ते सोंग वठवण्यात होस्टचा सीपीयू खर्ची पडतो. व्हर्टआयओ या खास व्हीएमसाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये हे सोंगच नाही. आपण व्हीएम आहोत हे ड्रायव्हरला ठाऊक असतं आणि डेटा सामायिक मेमरीतून थेट दिला-घेतला जातो.

मॉडेल बदलायला दोन मिनिटं पुरतात, पण क्रम चुकवू नका. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर जन्मजात नसतो, तेव्हा त्याची आयएसओ (सीडीसारखी जोडायची फाइल) जोडून ड्रायव्हर आधी टाका, मग व्हीएम बंद करून मॉडेल बदला. विंडोज याला नवंच कार्ड समजतं. हाताने दिलेला आयपी जुन्या, आता अदृश्य झालेल्या कार्डापाशी राहतो. म्हणून आयपी, गेटवे, डीएनएस आधी कागदावर उतरवा आणि सगळं प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलमधून (नेटवर्क तुटलं तरी व्हीएमचा स्क्रीन दाखवणारी खिडकी) करा. मी एकदा रविवारी घरून रिमोट डेस्कटॉपवर बसून हे केलं. कनेक्शन तुटलं आणि आयपी टाकायला मला ऑफिस गाठावं लागलं.

बदलूनही फरक पडला नाही तर कॉपी चालू असताना होस्टचा सीपीयू बघा. चार कोअरच्या मशीनवर सहा व्हीएमना प्रत्येकी चार-चार कोअर वाटले असतील आणि सगळ्या कामात असतील, तर पॅकेट येऊनही ते उचलायला व्हीएमची पाळी लागत नाही. लिनक्सच्या व्हीएममध्ये टॉप कमांडमधला ‘एसटी’ हा आकडा नेमकं हेच सांगतो. विंडोजमध्ये तसं काही दिसत नाही, होस्टवरूनच अंदाज घ्यावा लागतो.

आणि कोणी जंबो फ्रेमच्या (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) नादाने एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, नेहमीच्या १५०० बाइटऐवजी ९००० करून ठेवलाय का? दोन्ही टोकं ९००० वर आणि मधला स्विच १५०० वर असेल तर पिंग होतं, लॉगिन होतं, पण मोठी फाइल सुरू होताच सगळं ठप्प. तुमची कॉपी हळू का होईना चालतेय, त्यामुळे मला याचा संशय कमी आहे. तरी तपासायचं असेल तर तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइटचा पिंग मारा (१४७२ अधिक २८ बाइटची हेडर म्हणजे १५००). ९००० साठी हाच आकडा ८९७२.

एका वेळी एकच गोष्ट बदला. व्हर्टआयओ लावल्यावरही अडलं तर आयपर्फचे आकडे दिशेसकट, होस्टचे कोअर आणि व्हीएमना वाटलेले कोअर इतकं इथेच खाली लिहा, पुढचं बघू.