गोवा फक्त रशियाच्या नकाराधिकारानं सुटला का?

प्रश्न : आमचे आजोबा ठामपणे सांगतात, "रशियान हात वर केल्यान म्हणान गोवा सुटलो." पाठ्यपुस्तकात दीड-दोन दिवसांची लष्करी कारवाई तेवढी येते. पडद्यामागे नेमकं काय झालं? आणि स्वातंत्र्यानंतर भारत चौदा वर्षं का थांबला?
— एक वाचक, शिरोडा (ता. वेंगुर्ला)

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलेली घटना खरी आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद बसली. युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. परिषदेत तेव्हा अकरा सदस्य होते. बाजूनं ७ मतं पडली, विरोधात ४ : सोव्हिएत संघ, सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे नासर यांचा इजिप्त. ठराव मंजूर व्हायला सातच मतं लागत, पण सोव्हिएत संघ हा कायम सदस्य, त्याच्या एका विरोधी मतानं, म्हणजे नकाराधिकारानं, तो पडला.

पण नकाराधिकारानं विषय संपतोच असं नाही. १९५६ साली हंगेरीच्या प्रश्नावर सोव्हिएत संघानं असाच ठराव अडवला, तेव्हा अमेरिकेनं तो विषय सगळ्या सभासद देशांच्या महासभेत नेला (तिथं नकाराधिकार नसतो) आणि तिथं सोव्हिएत संघाविरुद्ध ठराव झाला. त्याच वर्षी सुएझ कालव्याच्या प्रश्नावर ब्रिटन-फ्रान्सनं नकाराधिकार वापरला, तरी महासभा भरलीच. मग गोव्याच्या बाबतीत ती वाट कुणी का धरली नाही? आजोबांच्या बोलण्यात जी अर्धी गोष्ट येत नाही, ती इथं सुरू होते. महासभेत पोर्तुगालच्या बाजूनं उभं राहणारं बहुमत उरलंच नव्हतं.

ते एका रात्रीत घडलेलं नाही. १९५१ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' ठरवलं. पणजी म्हणजे लिस्बनसारखंच पोर्तुगाल, तेव्हा वसाहत मुक्त करण्याचा प्रश्नच येत नाही, असा त्याचा दावा. १९५५च्या डिसेंबरात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला, तेव्हाही 'आमच्याकडे स्वयंशासन नसलेला प्रदेश (म्हणजे वसाहत) नाही' हेच त्याचं उत्तर होतं. पण १९६० साली आफ्रिकेतले एकामागून एक नवे देश सभासद झाले आणि सभागृहाचं गणित पालटलं. १४ डिसेंबर १९६० रोजी वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. दुसऱ्याच दिवशी महासभेनं पोर्तुगालच्या वसाहतींची नावानिशी यादी केली आणि तीत गोव्याचं नाव घातलं. 'प्रांत' हा मुखवटा तिथं गळून पडला. सैन्य गोव्यात जाण्याच्या एक वर्ष आधी.

आणखी एक लढाई हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाली. आपल्याकडे ती फारशी कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. १९५४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यातली दादरा-नगरहवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालनं भारतावर दावा लावला : दमणहून तिथं जायचा आमचा रस्ता अडवला. पुरावा म्हणून थेट १७७९चा मराठ्यांशी झालेला तह पुढे आला. न्यायालयानं तो तपासला आणि म्हटलं, पेशव्यांनी गावांचा महसूल दिला होता, सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं. पुढे इंग्रजांनी आणि त्यांच्यामागून भारतानंही पोर्तुगीजांची सत्ता चालू दिली, तेवढ्यापुरतं पोर्तुगालला यश मिळालं. पण १२ एप्रिल १९६०च्या निकालाचा गाभा असा : खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना रस्ता होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता, आणि भारतानं कोणतंही कर्तव्य मोडलेलं नाही.

पोर्तुगालच्या मित्रदेशांचं म्हणाल, तर तो नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटात होता, पण त्या कराराचं भौगोलिक क्षेत्र कर्कवृत्ताच्या उत्तरेपुरतं होतं. गोवा त्यात बसत नव्हता. ब्रिटन आणि पोर्तुगालची मैत्री चौदाव्या शतकापासूनची, पण राष्ट्रकुलातल्या देशाविरुद्ध लढायला ब्रिटन तयार झाला नाही.

आता थांबण्याबद्दल. नेहरूंना शांततावादी म्हणून मिळालेली पत सांभाळायची होती, आणि काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत असताना बळाचा वापर परवडणारा नव्हता. हे मला समजतं. तरीही त्या थांबण्याची किंमत कुणी भरली ते विसरू नका. तुम्ही शिरोड्याचे, रेडीवरून तेरेखोलला गेला असालच. किल्ला खाडीच्या आपल्या, उत्तरेच्या बाजूला आहे, पाणी न ओलांडता पायी जाता येतं. आणि १९६१पर्यंत तिथं पोर्तुगालचं निशाण होतं! १५ ऑगस्ट १९५५ला तेरेखोल, पत्रादेवी अशा ठिकाणांहून निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले आणि गोळ्यांना बळी पडले. वर्गात हा धडा शिकवताना मी नेहमी आधी तेरेखोलचा नकाशा फळ्यावर काढत असे, मग न्यूयॉर्कची गोष्ट सांगत असे. माझं स्पष्ट मत आहे की, त्या हुतात्म्यांमुळे हा प्रश्न दोन सरकारांमधल्या नकाशाच्या भांडणापुरता राहिला नाही.

१९६१मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. आफ्रिकेतल्या अंगोला या पोर्तुगीज वसाहतीत उठाव पेटला होता, आणि ऑक्टोबरात दिल्लीत जमलेले आफ्रिकी नेते भारताला सांगत होते की, तुम्ही गोवा सोडवलात तर आमच्याकडची पोर्तुगीज सत्ताही लवकर ढासळेल. नोव्हेंबरात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर आणि मच्छीमारांवर गोळीबार झाला, त्यात एक मच्छीमार गेला. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ अखेरपर्यंत 'थांबा' म्हणत होते. नेहरू थांबले नाहीत. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम त्यांनी मानला नाही, म्हणून गोव्यातली अनेक घरं शाबूत राहिली. पुढे लिस्बननं त्यांना सैन्यातून काढून टाकलं.

जोडप्रश्न : पोर्तुगीज कैद्यांचं काय झालं? आणि पोर्तुगालनं हे कधी मान्य केलं?
— तेच वाचक

उत्तर : तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात होते. शरण आलेल्यांवर सालाझारचा इतका राग होता की, त्यांना परत नेण्यातही चालढकल झाली. तिकडे मोझांबिक या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीतल्या भारतीयांना छावण्यांत डांबून त्यांची मालमत्ता जप्त केली गेली. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५लाच तुटलेले, म्हणून पोर्तुगालचं काम दिल्लीत ब्राझील पाही आणि आपलं लिस्बनमध्ये इजिप्त. अखेर मे १९६२मध्ये कैदी कराचीमार्गे मायदेशी गेले.

मान्यता मात्र सालाझारची राजवट कोसळल्यावरच मिळाली. एप्रिल १९७४मध्ये लिस्बनला क्रांती झाली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. त्यात पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांची आणि भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांची.